मुंगी सोडणारा

कोल्हापूरच्या आमच्या पेठेतल्या तालमीशेजारचा तो मालिशवाला मला ढोंगी वाटायचा. अर्धांगवायूने पडलेल्या माझ्या वडिलांना, आबांना, तो रोज सकाळी तेल लावून रगडायचा, तिथवर ठीक होतं. पण मग लुंगीला हात पुसून, रेडिओवरच्या बातम्या संपेपर्यंत, आबांच्या लुळ्या हातावरून बोटांची टोकं टेकतील न टेकतील अशी फिरवत बसायचा.

"मुंगी सोडतोय," म्हणायचा. "रगडून कातडं दमतंय. त्येला जरा गोंजारायला लागतंय की."

पैलवान तुडवणाऱ्या माणसाच्या तोंडी ही नाजूक भाषा! मला किळस यायची.

एकदा मी म्हणालो, "पुरे ही थेरं."

"मग तुमीच फिरवा की, मास्तर," म्हणत त्याने माझं मनगट धरलं आणि बोटं आबांच्या हातावर ठेवली. आबांच्या दंडावर काटा आला. त्यांनी डोळे मिटले.

तेल लागलं, असं पुटपुटत मी हात धुवायला उठलो. मागे तो आबांना सांगत होता, "शाळंची घाई हाय त्यास्नी." त्याने माझी बाजू सावरली, तोही मला त्याचा आगाऊपणाच वाटला.

त्यानंतर आबांच्या अंगाला माझा हात लागला, तो त्यांना शेवटची अंघोळ घालताना.