माझ्या आजारपणाच्या तारखा

...वस्तीतल्या जयंतीच्या जेवणाची भांडी, मोठे गंज, आम्ही दोघी राखेने घासत होतो. मी आणि माझी थोरली नणंद. आमचे हे ओट्यावर बसून कालच्या बुंदीसोबत चहा पीत होते.

सत्तरच्या दशकातली सकाळ. सक्करदऱ्याला आमचं घर, भिंतीपलीकडे नणंदेचं. तिच्या मागच्या खोलीला छप्पर नव्हतं, नुसती ताडपत्री. ती जागा आपली आहे, असा यांनी सख्ख्या बहिणीवर दावा लावला होता. तो मिटेपर्यंत तिला छप्पर घालता येत नव्हतं.

गंज उपडा घालत नणंद म्हणाली, "आज कोर्टात पेशी हाय नं वं? माहा वकील तिथं उभा असन, अन् तुहा नवरा इथं बुंदी खाऊन राहिला." हे हसले. उठले मात्र नाहीत.

गैरहजर म्हणून दावा खारीज झाला. मला वाटलं, सुटलो... नणंदेने छपरासाठी माणूसही बोलावला. तेवढ्यात यांनी अर्ज केला आणि दावा पुन्हा सुरू झाला.

मग तेच. पेशीला जायचं नाही, खारीज झालं की अर्ज. असं तीनदा. मेलेली केस उठते कशी, विचारलं, तर म्हणाले, तुला नाही समजायचं. खरंच नाही समजलं.

मग हे गेले... महिन्याभराने यांच्या वकिलाचा मुन्शी कागद घेऊन आला. यांच्या शेवटच्या आजारपणात दावा चौथ्यांदा खारीज झाला होता. आता वारस म्हणून मी सही केली की पुन्हा उभा राहील.

म्हटलं, ठेवून जा, वाचते. तो जरा हसला. मी शाळेत गेले नाही. किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचत शिकले, ओळीखाली बोट ठेवून.

नव्या अर्जाखाली जुने तिन्ही होते. एकात पत्नीला विषमज्वर. एकात पत्नीचं ऑपरेशन. मला तर साधी सुईसुद्धा टोचली नव्हती कधी.

सगळ्यात जुन्यात गैरहजेरीची तारीख होती जयंतीच्या दुसऱ्या दिवसाची. 'पत्नी अत्यवस्थ असल्याने अर्जदार तिच्या उशाशी बसून होता.' खाली यांची सही, तीच वळणदार.

राग आला नाही. नुसती बघत बसले... नव्या अर्जातलं कारण तेवढं खरं होतं. मूळ अर्जदार अत्यवस्थ होता. त्या दिवशी उशाशी मी होते.

म्हणजे एकच खरा अर्ज, आणि तोच माझ्या सहीवर अडलेला. नाही केली तर यांचं एक काम मी अर्धवट सोडलं असं होईल का? केली तर ती ताडपत्री... यांना जागा हवी होती, की फक्त बहिणीला मिळू द्यायची नव्हती? आजही सांगता येत नाही.

संध्याकाळी नणंद आली, हे गेल्यापासून रोज यायची तशी, भाकरी घेऊन. "जेवलीस का वं?" एवढंच. कागद मी पदराखाली घेतले. भावाबद्दल तिला काय सांगणार होते?

दुसऱ्या दिवशी मी सही न करता कागद मुन्शीच्या हातात परत नेऊन दिले. येताना नणंदेच्या खोलीच्या छपरासाठी कवेलू सांगून आले.