नावाड्याची राहिलेली खेप

आमचे भावजी, म्हणजे ताईचे यजमान, पुस्तकं बांधतात. वाचनालयाच्या मागच्या गल्लीत त्यांचं एका खोलीचं दुकान आहे. तिथे खळीचा असा वास कोंडलेला असतो की नाक दाबूनच आत जावं. मी ताईची धाकटी बहीण. औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी असते आणि दिवसभर डॉक्टरांची अक्षरं लावते, त्यामुळे मला वाचता येणार नाही असं काही जगात असेल असं वाटत नाही.

दर शनिवारी चार वाजता वाचनालयाच्या वरच्या खोलीत आमचं मंडळ भरतं. विषय एकच, सात खंडांची ती जुनी गाथा. तिच्यात धुक्यातलं राज्य आहे, बोलणारे डोंगर आहेत, दिलेला शब्द मोडला की दगड होणारी माणसं आहेत. ती आता कुठे विकत मिळत नाही. वाचनालयात एकुलता एक संच आहे आणि त्याच्याच झेरॉक्स काढून आम्ही वाचतो. डोंगर आपापसांत कुठली भाषा बोलत असतील यावर आमचे दोन शनिवार गेले आहेत. राणीच्या घोड्याच्या वयावरून पोस्टातल्या बाई तीन आठवडे रुसून घरी बसल्या होत्या. बाहेरच्याला हे वेडाचे चाळे वाटतील. इतिवृत्त मी लिहिते, म्हणून जबाबदारीने सांगते, वेडाचेच चाळे आहेत.

सगळ्यांत जुना वाद नावाड्याचा. चौथ्या खंडात तो वादळात बुडून मरतो. प्रेत काठाला लागतं, बायको त्याचे डोळे मिटते, सगळं रीतसर होतं. आणि पुढच्याच प्रकरणात तोच नावाडी राणीला नदीपार नेतो, चांगला धडधाकट, वर गप्पा मारत! त्यानंतर त्याचं नावही निघत नाही.

अकरा वर्षांपूर्वी भावजी मंडळात नवे होते. आठवीपर्यंत शिकलेले, नखांत खळ, कोपऱ्यातल्या स्टुलावर अंग चोरून बसायचे. एका शनिवारी खाली बघतच म्हणाले, "त्याची एक खेप राहिली असेल. पहिल्या खंडात राणीला शब्द दिला होता ना त्याने, पार नेईन म्हणून. तेवढी पुरी करायला आला असेल." मी इतिवृत्तात 'सर्वजण गप्प' असं लिहिलं. तसं पुन्हा कधी लिहायची वेळ आली नाही. पुढच्या शनिवारी भावजींना हातांची खुर्ची मिळाली, आणि त्या खुर्चीत ते जसे बसतात तसे घरातसुद्धा बसत नाहीत, हे ताईचं म्हणणं.

एकट्या मास्तरांना ते पटलं नाही. मास्तर शाळेत भौतिकशास्त्र शिकवायचे, आता निवृत्त आहेत, पण टेबलावर बोट आपटायची सवय काही निवृत्त झालेली नाही. "मेलेला माणूस परत येत नाही. लेखक विसरला, विषय संपला!" विषय मात्र दर दोन महिन्यांनी नव्याने निघायचा, आणि काढायचे तेच.

यंदा चौथा खंड खिळखिळा झाला आणि पुन्हा बांधायला भावजींकडे आला. मी ताईच्या गोळ्या द्यायला दुकानात गेले, तर हे मांडीवर हात ठेवून नुसते बसलेले.

"बघा, मेहुणीबाई," ते म्हणाले, "ही पायरी बघा."

पुस्तक छापखान्यातून फर्म्यांनी येतं, सोळा सोळा पानांच्या घड्या. प्रत्येक फर्म्याच्या पाठीवर एक काळी खूण असते. फर्मे नीट लावले की त्या खुणा जिन्यासारख्या उतरत जातात. या जिन्यातली एक पायरी चुकली होती. राणीला पार नेण्याचं प्रकरण नेमकं एका फर्म्याचं, आणि ते लागायला हवं होतं बुडण्याच्या आधी. पानांचे आकडे कुणालाच दिसले नव्हते, कारण ओलीने कुजलेली खालची कड मागच्या बांधणीत कापून टाकली होती, आकड्यांसकट.

"मागची बांधणी कुणाची?" मी विचारलं.

पुठ्ठ्याच्या आत भावजींच्याच अक्षरात पेन्सिलीने तारीख होती. बावीस वर्षांपूर्वीची. त्या दिवशी आमच्या ताईने यांना लग्नाला हो म्हटलं होतं.

मला हसू आवरेना. पण त्यांचं तोंड बघून हसू गिळलं. त्यांच्या आयुष्यात लोकांनी मान डोलावली ती त्या एका वाक्यावर, आणि ते वाक्य त्यांच्याच हातच्या घोळावर उभं होतं.

"तसंच शिवा परत," मी म्हटलं. "कुणाला कळतंय?"

"चुकीची गोळी दिलीत हे कळलं, तर पुढच्या वेळी तीच द्याल?"

"अहो, खुर्ची जाईल तुमची!"

"जाईल. स्टूल आहे की."

शनिवारी त्यांनी उभं राहून सगळं सांगितलं. एकच गलका झाला. पोस्टातल्या बाई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या आणि मग त्यांनीच खुर्ची पुढे सरकवली. "बसा हो, आता उभं राहून काय होणार?" भावजी बसले. माझ्या जिवात जीव आला.

आता मास्तर म्हणणार, मी सांगत नव्हतो? त्यावर चार शब्द सुनवायची माझी तयारी होती. पण त्यांनी चष्मा काढून पुसला.

"म्हणजे आधी पार नेतो, मग बुडतो."

"हो, सर."

"आणि मग येत नाही."

"नाही येत."

मास्तरांनी वही मिटली आणि चहा न घेताच खाली उतरले.

सोमवारी मी भावजींच्या दुकानातच होते, तेव्हा मास्तर आले. हातात चौथ्या खंडाच्या झेरॉक्स. "मला हे जुन्या क्रमाने बांधून द्या."

भावजी बघतच राहिले. "सर, पण तुम्हीच तर इतकी वर्षं..."

"भांडलो, अकरा वर्षं भांडलो. त्यातली शेवटची दोन, माझी ही गेल्यापासूनची, हरायची वाट बघत होतो. तुम्ही एकदा तरी मला नीट हरवायचं होतं हो."

मी उगाच टेबलावरच्या कात्र्या सरळ लावत बसले आणि मला फार वाईट वाटलं.

"चुकीचं नाही बांधणार मी," भावजी म्हणाले. "एकदा झालं ते बास."

मास्तरांनी मान हलवली आणि कागद गोळा करायला घेतले.

"थांबा."

भावजींनी गठ्ठ्यातून राणीला पार नेण्याची तेवढी सोळा पानं वेगळी काढली. ठोकून सारखी केली, कडेने टाके घातले, दोन पुठ्ठे कापून त्यांवर निळं कापड चढवलं. मग ते पातळसं पुस्तक त्यांनी मास्तरांपुढे ठेवलं.

"याला मागचं-पुढचं काही नाही, सर. ज्याच्यानंतर हवं, त्याच्यानंतर वाचा."

मास्तरांनी ते उघडलं, पहिलं पान बराच वेळ वाचलं, मिटलं आणि काखेत मारलं. दारापर्यंत जाऊन वळले.

"तरी मला पटलेलं नाही," ते म्हणाले.

"शनिवारी बोलू," भावजी म्हणाले.