पाचवा खेटा आणि बसल्याजागची धडधड

"काकू, तुम्ही नुसत्या बसलेल्या असता तेव्हाही तुमचं शरीर डोंगर चढत असतं," रिपोर्ट बघत डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मनात म्हटलं, झालं! आता ही बया माझा उद्याचा खेटा बंद करणार.

खेटे म्हणजे माघातल्या पाच रविवारी कोल्हापुराहून अनवाणी चालत जोतिबाला जायचं. तीस वर्षं आम्ही नवरा-बायको जोडीनं गेलो. दिवाळीत हे गेले. यंदा एकटीच निघाले. पाचही पुरे करीन, असं ह्यांच्या फोटोपुढं बोलले होते.

त्रास पहिल्याच रविवारी सुरू झाला. घरी येऊन बसले तरी संध्याकाळपर्यंत छाती धडधडत होती. पुढं पुढं झोपच उडाली.

शेवटी दवाखाना गाठला. हृदय ठीक निघालं. मग कॉर्टिसॉल तपासायचं ठरलं. ताण आला की अंगात वाढतं ते हे हार्मोन. एरवी सकाळी जास्त असतं, संध्याकाळी उतरतं. सकाळी रक्त, मग ट्रेडमिलच्या सरकत्या पट्ट्यावर चालवून रक्त, संध्याकाळी परत रक्त. "आधी दोन दिवस पूर्ण विश्रांती," असं बजावलं होतं.

तपासणी सोमवारी आणि रविवारी माझा चौथा खेटा. गेले की चालत! सांगतंय कोण?

तळपायाचे फोड बघून नर्सनं पकडलं. "काय ओ मावशी, कुठं गेलतासा?"

"जोतिबाला."

"आन् विश्रांती?"

"येताना एस.टी.नं आले की!"

ती कपाळाला हात लावून हसली. तपासणी गुरुवारवर गेली.

गुरुवारी दिवसभर दवाखान्याच्या बाकावर बसून होते. प्रत्येकाबरोबर डबा घेऊन कोणीतरी होतं. "सोबत कोण?" असं तीनदा विचारलं मला. मुलगा पुण्यात. त्याला एस.टी.डी. बूथवरून "बरी आहे" एवढंच कळवलं होतं. फार एकटं वाटलं, खोटं कशाला बोलू?

शनिवारी बाईंनी समजावलं. वय वाढलं की हे हार्मोन संध्याकाळी नीट उतरत नाही, आणि श्रमानं चढलं की खाली यायला वेळ घेतं. "पण तुमचं बसूनही फार चढलेलं आहे. संध्याकाळी घरी काय करता?"

"बसते. फाटकाची कडी वाजते का ऐकते. हे सातला यायचे."

बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "उद्या जा. पण वाटेत बसायचं. धडधड थांबल्याशिवाय उठायचं नाही."

एकट्या राहणाऱ्या बायकांनो, तुमचंही असं होत असेल तर मनाचे खेळ म्हणून सोडू नका, दाखवा. माझी संध्याकाळची धडधड अजून पुरती गेलेली नाही. पण ती काय आहे हे आता मला ठाऊक आहे.

जोतिबाच्या चढणीला गायमुख लागतं, त्याच्या वर, वळणावर एक दगड आहे. हे नेहमी पुढं जाऊन त्यावर बसायचे, देवळाकडं पाठ करून. मी धापा टाकत पोचायचे आणि डाफरायचे, "अवो, देवाकडं पाठ करून काय बसलाय?" हे हसून उठायचे, लगेच चालायला लागायचे. त्या दगडावर मी कधी टेकलेच नव्हते.

पाचव्या खेट्याला मात्र बसले. खाली बघितलं तर अख्खी चढण दिसत होती, वर येणारा एकेक माणूस दिसत होता. मला बघत बसायचे की हे!

पोटभर रडले. मग बाईंनी सांगितल्याप्रमाणं धडधड थांबेपर्यंत तिथंच बसून राहिले, देवाकडं पाठ करून.