न उघडलेली लिंक

दवाखान्यातल्या स्पिरिटचा वास आला की मला नायगावच्या स्कॅन सेंटरमधली ती दुपार आठवते. मी तिथं तंत्रज्ञ होतो. आमचे स्कॅन तपासणाऱ्या नांदेडच्या डॉक्टरांना ते लगेच पाहता यावेत म्हणून मी स्कॅनच्या फाइली एका कंपनीच्या फुकट सेवेवर ठेवत होतो. ती सेवा वेबसाइटची पानं लवकर उघडावीत यासाठी होती. मोठ्या फाइली साठवायला तिच्या अटींत मनाई होती. कंपनीचे इशाऱ्याचे दोन मेल मी वाचून सोडून दिले होते. त्या दुपारी माडीवरून पडलेल्या गवंड्याच्या डोक्याचा स्कॅन झाला आणि डॉक्टरांचा फोन आला, "लिंक उघडत नाही. अटी मोडल्या म्हणून खातं बंद केलंय, असं दिसतंय." बाकावरून गवंड्याची बायको उठून आली. "काय झालं भाऊ? लई वाईट हाय का?" फोनवर डॉक्टर ओरडले, "स्क्रीनचे फोटो काढून पाठवा, पटकन!" घाईत पहिले दोन फोटो पुसट आले. मग नीट आलेले पाठवले. ते पाहून डॉक्टर फोनवर म्हणाले, "डोक्यात रक्त साकळलंय. ताबडतोब इकडं हलवा." ॲम्ब्युलन्स निघून गेली तरी मी दारातच उभा होतो. गवंडी वाचला. महिन्याभरानं पेढे घेऊन स्वतः आला आणि म्हणाला, "तुमी लई धावपळ केली म्हनं माझ्यासाठी." ती धावपळ माझ्याच चुकीमुळे झाली होती, हे त्याला सांगायला मला आजवर जमलेलं नाही.