पोरक्या पिल्लाला नवऱ्याचा सदरा

सिडनीजवळ केलीव्हिलच्या घरात मी एकटी राहते. आधी नवरा गेला, मग मुलगा नोकरीसाठी पर्थला गेला. म्हणायला देश तोच, पण जायला अर्धा दिवस मोडतो. जखमी प्राण्यांची देखभाल करणाऱ्या एका संस्थेला स्वयंसेवक हवे होते, मी नाव दिलं. प्राणिप्रेम वगैरे काही नाही. ट्रेनिंग झालं की कांगारूचं पोरकं पिल्लू वाढवायला घरी नेता येतं, एवढं ऐकलं होतं. मला घरात कुणीतरी हवं होतं.

ट्रेनिंगसाठी सिडनीपासून लांब, माळावरच्या पत्र्याच्या खोल्यांत राहायचं होतं. बरोबर युनिव्हर्सिटीत शिकणाऱ्या दोन मुली. "नो वरीज, आंटी" म्हणायच्या आणि कानात इअरफोन घालून बसायच्या. चांगल्या होत्या हो, पण मी बोलणार कोणाशी? संध्याकाळी मुलाचा फोन यायचा. "आई, जेवलीस ना? ओके, चल, मीटिंग आहे." झालं बोलणं.

मला जे पिल्लू दिलं ते म्हणजे नुसते पायच पाय. गाडीखाली आलेल्या आईच्या पोटाशी सापडलेलं. कापडी झोळीत डोकं खाली घालून शिरायचं आणि थरथरत राहायचं. दुधाला तोंड लावेना. शिकवणाऱ्या बाई माझ्याच वयाच्या, उन्हाने रापलेल्या. म्हणाल्या, "आज प्यायलं नाही तर कठीण आहे, मेट."

मी झोळीत हात घातला. आतलं अस्तर कोरं करकरीत! माझं डोकंच फिरलं. तान्ह्या जिवाला कोणी कोरं कापड घालतं? आमच्याकडे बाळाची दुपटी वापरून मऊ झालेल्या धोतरा-लुगड्यांची शिवतात. माझ्याजवळ जुनं असं एकच होतं, नवऱ्याचा मलमलीचा सदरा. तो उशाशी असल्याशिवाय मला झोप लागत नाही. बराच वेळ तो मांडीवर घेऊन बसले. मग कात्री मागून घेतली.

नवं अस्तर शिवलं, पिल्लाला आत घातलं आणि झोळी पोटाशी बांधून फिरत राहिले. दुपार कलता कलता आतली थरथर थांबली. बाटली पुढे केली तर चुरूचुरू ओढायला लागलं. मला रडू आलं. बाई म्हणाल्या, "गुड ऑन यू."

शेवटच्या दिवशी मी बॅग भरून, झोळी पोटाशी बांधूनच गाडीपाशी उभी राहिले. बाईंनी विचारलं, "घरी दुसरं पिल्लू आहे?"

"नाही."

"मग नाही देता येणार. एकटं पिल्लू वाढवत नाहीत. सोबत नसली की ते झुरतं. सांगितलं होतं ना?"

सांगितलं असेल, माझं लक्ष नसेल. ब्लॅकटाउनकडच्या एका घरी त्याच्याच वयाचं दुसरं होतं, तिकडे ते जाणार होतं. मी भांडले. "आख्खं घर रिकामं आहे, दिवसभर वेळ आहे. मी करीन सोबत."

"त्याला त्याच्यासारखं कोणीतरी लागतं," त्या म्हणाल्या.

मला राग आला, पण त्या नियमाचा नाही. माणसांसाठी असा नियम कोणी केला नाही, याचा आला.

मी झोळी सोडली. बाईंना सदऱ्याचं माहीत होतं, त्या अस्तर काढून परत द्यायला लागल्या. मी म्हटलं, "राहू दे. त्याला सवय झालीय."

घरी पोचले तोच मुलाचा फोन. "मग आई, मिळालं का पिल्लू?"

"नाही रे," मी म्हटलं. "त्याला सोबत मिळाली."