उजव्या स्पीकरमधला दोष

या सदरातले गूढ अनुभव मी बरेच दिवस वाचतोय, आणि खरं सांगायचं तर करमणूक म्हणून वाचतोय. तीस-बत्तीस वर्षं मी चाकणच्या एका कारखान्यात मशीनचा आवाज ऐकून कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगायचं काम केलं. आवाज आला की त्याला कारण असतं, आणि कारण सापडत नसेल तर शोधणारा कमी पडतोय... या मताचा मी माणूस. आमच्या सोसायटीत अमावास्येला नवी गाडी घरी न आणणाऱ्या लोकांची मी जाहीर टिंगल केलेली आहे. तेव्हा पुढचं वाचून माझी टिंगल करायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. फक्त शेवटपर्यंत वाचा आणि मग करा.

मी मोहन तांबे. बायको वसुधा आणि मी धायरीला राहतो, सिंहगड रोडवरून आत, चौथ्या मजल्यावर. मुलगी नोकरीसाठी बंगळुरूला. वसुधा एका शाळेत लायब्ररी सांभाळते, सकाळी साडेसातला जाते आणि दोनपर्यंत परत येते. मी गेल्या वर्षी रिटायर झालो आणि कॉलेजपासून मनात होतं ते करायचं ठरवलं — घरात एक उत्तम, खरोखर उत्तम म्युझिक सिस्टिम आणायची.

शोरूम कर्वे रोडच्या मागच्या गल्लीत, एका बंगल्यात होती. चपला बाहेर काढायच्या, आत सोफ्यावर बसायचं, आणि तिथला माणूस पेशंटच्या नातेवाइकाशी बोलावं तसा हळू बोलतो. त्याने एका गायिकेचं रेकॉर्डिंग लावलं. आलापाच्या आधी तिने घेतलेला श्वास मला ऐकू आला. मी पन्नाशी उलटून गेलेला माणूस, सोफ्यावर बसल्या बसल्या माझे डोळे भरून आले. का, ते तेव्हा मी स्वतःलाही कबूल केलं नाही.

घरी येऊन वसुधाला सांगितलं.

"अहो, आपल्याकडे रेडिओ आहे की."

"त्यावर आपण फक्त बातम्या ऐकतो."

"मग यावर काय ऐकणार? त्याच बातम्या, जरा जवळून?"

हा टोमणा वाचून हसाल, पण त्यामागची गोष्ट सांगायला हवी. वसुधा गायची. छंद म्हणून नाही, चांगली गायची. तिला शिकवलं तिच्या वडिलांनी, अप्पांनी. ते खडकीच्या दारूगोळा फॅक्टरीत कामाला होते, क्वार्टर्समध्ये राहायचे आणि हार्मोनियम उत्तम वाजवायचे. अकरा वर्षांपूर्वी ते आजारी होते, हॉस्पिटलमध्ये. त्या संध्याकाळी वसुधाचा कार्यक्रम होता. ती जाणार नव्हती, अप्पांनीच हट्टाने पाठवलं. ती स्टेजवर असताना इकडे ते गेले. त्या दिवसापासून ती गायली नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "गळा गेला हो." घरात गाणं लागलं की तिला स्वयंपाकघरात काहीतरी काम निघायचं. तेरावं झाल्यावर अप्पांची हार्मोनियम आमच्या माळ्यावर गेली ती गेलीच. मी कधी विषय काढला नाही. पण मला तिचा आवाज हवा होता. सिस्टिम-बिस्टिम सगळी सबब होती, हे आता लिहायला हरकत नाही.

तर सिस्टिम आली. अँप्लिफायर, टर्नटेबल, आणि कमरेएवढे उंच दोन स्पीकर. या छंदातले लोक किती वेडे असतात हे बाहेरच्याला कळायचं नाही. मी तीन दिवस मेझरिंग टेप घेऊन रांगत होतो. स्पीकर भिंतीपासून किती लांब, एकमेकांपासून किती लांब, किती तिरके... फरशीवर चिकटपट्टीच्या खुणा केल्या. दोन्ही स्पीकरच्या बरोबर मध्ये समोर एक खुर्ची, तिला स्वीट स्पॉट म्हणतात. तिथे बसलं की गाणारा समोर भिंतीपाशी बसलाय असं वाटतं.

"आपल्या लग्नात पाट नव्हता मांडला इतका मोजून," वसुधा म्हणाली आणि खुर्चीला वळसा घालून आत गेली.

नवे स्पीकर शंभरेक तास वाजू द्यावे लागतात म्हणे, नवी चप्पल पायाला बसावी तसे. म्हणून ती शाळेत गेली की मी सिस्टिम लावायचो, आणि ती यायच्या आत बंद करायचो. आवाज दिवसेंदिवस मोकळा होत गेला. मी खूश होतो.

स्पीकरसाठी कोपऱ्यातलं कपाट हलवलं होतं, तेव्हा मागे बुटांच्या खोक्यात जुन्या कॅसेट सापडल्या. एकीवर वसुधाचं अक्षर — "यमन, सराव, मीनाकडे". मीना तिची कॉलेजची मैत्रीण. ही कॅसेट तिच्या घरी, छोट्या टेपरेकॉर्डरवर भरलेली. मी वसुधाला काही बोललो नाही. विचारलं असतं तर नाही म्हणाली असती... म्हणून विचारलं नाही. चूकच होती ती. खडकी बाजारात शकीलभाईंचं दुकान आहे. त्यांचे वडील रेडिओ दुरुस्त करायचे, हे अँप्लिफायर करतात. त्यांच्याकडे नेऊन ती कॅसेट पेन ड्राइव्हवर उतरवून आणली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास, खिडक्या उघड्या, लख्ख ऊन, मी खुर्चीत बसून ती लावली. एकोणीस वर्षांची वसुधा समोर भिंतीपाशी बसून गायला लागली. माझी काय अवस्था झाली ते लिहीत नाही. ती वरच्या सा कडे चढत गेली, तिथे आवाज फाटला, ती हसली आणि म्हणाली, "जाऊ दे गं मीना, नाही जमत." टेप संपली. पुढे नुसती खरखर.

आणि उजवीकडून आवाज आला... टिंग टिंग.

धातूवर धातू. बारीक, स्वच्छ, दोनदा.

मी लगेच ओळखलं — उजव्या स्पीकरमध्ये काहीतरी सैल आहे. पुन्हा लावलं. तिथेच, ती थांबल्यावर, टिंग टिंग. दुसरी कुठलीही गाणी लावली तर काही नाही.

इथून पुढे मी जवळजवळ तीन आठवडे एका दोषाचा पाठलाग केला. आधी टेपवरच तो आवाज असेल म्हणून लॅपटॉपवर तपासलं. तिथे आवाजाची रेघ दिसते ना, तीत खरखर होती, टिंग नव्हतं. शिवाय ते रेकॉर्डिंग मोनो. म्हणजे दोन्ही स्पीकरला अगदी तेच जातं आणि सगळं मधूनच ऐकू येतं. मोनो टेपमध्ये उजवी बाजू नसतेच! तरी टिंग उजवीकडूनच. डाव्या-उजव्याच्या वायरी बदलल्या... उजवीकडूनच. स्पीकरखालचे पाय आवळले, खिडकीच्या कड्या बांधल्या, देव्हाऱ्यातली घंटासुद्धा काढून ठेवली. वसुधाने संध्याकाळी विचारलं, "देव सुट्टीवर पाठवलेत का?" मी काहीतरी थाप मारली.

शेवटी शकीलभाईंना बोलावलं. ते सकाळीच आले, सगळं तपासलं आणि उजव्या स्पीकरची वायर पूर्ण काढून हातात धरली. आता फक्त डावा वाजत होता. वसुधा गायली, हसली, थांबली. टिंग टिंग. उजवीकडून.

शकीलभाईंनी वायर खाली ठेवली.

"तांबेसाहेब, हा फॉल्ट मशीनमधला नाही."

"मग कशातला?"

"ते मला नाही सांगता यायचं. वहिनींना ऐकवलंत?"

"नाही."

"त्यांचं गाणं आहे, त्यांना न विचारता वाजवताय. आधी त्यांना विचारा."

बरोबर होतं त्यांचं. पण माझा धीर होईना. अकरा वर्षं जी गोष्ट ती झाकून बसलीये, ती मी चोरून उघडली, हे सांगायचं कसं? आणि कळल्यावर तिने ते दार कायमचंच बंद केलं तर? आज सांगू, उद्या सांगू, असं करत चार दिवस काढले.

पाचव्या दिवशी शनिवार होता. शाळा लवकर सुटली हे मला माहीत नव्हतं. अकरा वाजले असतील, वसुधाचा आवाज वरच्या सा कडे चढत होता, आणि दारात वसुधा उभी. खांद्यावर पर्स तशीच. टेपमधली ती हसली, "नाही जमत" म्हणाली. मी घाबरून रिमोट दाबला. अँप्लिफायर बंद झाला, त्याचा निळा दिवाही गेला.

"कुणाला विचारून लावलंत हे? एवढी एकच गोष्ट मागितली होती मी तुमच्याकडे, आणि तीही न बोलता."

मी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात, बंद सिस्टिमच्या उजव्या बाजूने —

टिंग टिंग.

वसुधाने पर्स खाली सोडली. "हे तुम्ही केलंत?"

"नाही गं. हाच तो फॉल्ट. तीन आठवडे मी..."

"गप्प बसा जरा."

ती खुर्चीपाशी आली आणि माझ्या त्या मोजून मांडलेल्या खुर्चीत पहिल्यांदा बसली. मग हळूहळू बोलायला लागली. क्वार्टर्समध्ये ती पहाटे रियाजाला बसायची, तेव्हा अप्पा तिच्या उजव्या हाताला बसून पहिल्या पाळीला जाण्याआधीचा चहा प्यायचे. स्टीलच्या पेल्यातून. गाणं चालू असताना बोलायचं नाही हा त्यांचा नियम, म्हणून बोटातली अंगठी पेल्यावर वाजवायचे. दोनदा वाजवलं की 'पुन्हा म्हण'. एकदा वाजवलं की 'जमलं, पुढे चल'.

"पण मी कधीच कसं ऐकलं नाही?" मी विचारलं. अप्पा आमच्याकडे कितीदा राहून गेले होते.

"इथे कसे वाजवतील? लेकीच्या घरी, जावयासमोर, तिला टोकायचं नाही म्हणायचे. इथे पाहुण्यासारखे कपबशीतून चहा घ्यायचे ना ते." तिचे डोळे वाहत होते. "आणि ही टेप भरली तेव्हा ते नव्हतेच हो. दुसऱ्या पाळीला होते."

मी तिच्या शेजारी फरशीवर बसलो.

ती समोरच्या भिंतीकडे बघत राहिली. मग घसा खाकरला आणि तीच ओळ म्हणायला लागली. अकरा वर्षांचा गंज होता आवाजावर. वरच्या सा पर्यंत पोचली आणि आवाज फाटला, टेपमध्ये फाटला होता अगदी तिथेच.

टिंग टिंग.

"हो अप्पा, हो," ती रडता रडता हसत म्हणाली. पुन्हा म्हणाली. या वेळी सूर लागला, पण हलला.

टिंग टिंग.

तिसऱ्यांदा तिने डोळे मिटले. सा लागला. लागला आणि राहिला. खाली कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं, कुकरची शिट्टी झाली शेजारी, आणि तो सूर आमच्या हॉलमध्ये उभा होता. मग उजवीकडून, अगदी हलकेच, एकदाच...

टिंग.

वसुधा न थांबता अंतऱ्यावर गेली.

गाणं झाल्यावर ती म्हणाली, "मी गात होते म्हणून त्यांच्याजवळ नव्हते. मला वाटायचं, आता अप्पांनीच मला थांबवलंय. पण अहो... दोनदा म्हणजे पुन्हा, एकदा म्हणजे पुढे. थांब म्हणायची खूण नव्हतीच त्यांच्याकडे." हे सांगताना ती रडत नव्हती.

हार्मोनियम मी त्याच दुपारी माळ्यावरून काढली. भाता उंदरांनी कुरतडला होता, तो शकीलभाईंच्या ओळखीच्या कारागिराने बसवून दिला. शकीलभाईंना सगळं सांगितलं तर ते एवढंच म्हणाले, "मग फॉल्ट निघाला म्हणायचा."

हा अनुभव इथे मांडण्याआधी मी माझ्या परीने कारणं शोधली. कान वाजणं म्हणावं, तर शकीलभाईंनीही ऐकलं होतं. मनाचे खेळ म्हणावे, तर मला ती खूण ठाऊकच नव्हती. पाइप, लिफ्ट, शेजारच्यांची भांडी... सगळं तपासलं. कुणा वाचकाला दुसरं कारण सुचलं तर जरूर कळवा, मी इंजिनिअर माणूस आहे, तपासून बघेन.

ती टेप नंतर दोनदा लावली. वसुधा हसते, "नाही जमत" म्हणते, आणि पुढे खरखर. बाकी काही नाही.

माझी ती महागडी सिस्टिम हल्ली सकाळी बंद असते, कारण तिच्यासमोर सतरंजी घालून वसुधा रियाजाला बसते आणि मी समोरच्या खुर्चीत ऐकतो. तिच्या उजव्या हाताला मी एक चहा ठेवतो. कपबशीत नाही, स्टीलच्या पेल्यात. रियाज संपेपर्यंत तो गार होतो. "वाया कशाला घालवायचा," म्हणून तीच मग पिऊन टाकते.

पेला अजून एकदाही वाजलेला नाही. मी परवा तसं म्हणालो, जरा खट्टू होऊनच. तर वसुधा पेटीवरून मान वर न करता म्हणाली, "अहो, चुकत नसेन मी."