अर्धा कोयता

ती घटना आठवली की आजही आधी भीती वाटते, मग हसू येते. दुष्काळाचे साल. ऊसच नव्हता, म्हणून सहकारी साखर कारखान्याचा पट्टा लवकर पडला, म्हणजे हंगाम संपला, आणि तोडणीच्या टोळ्या गावी परतल्या होत्या. मी बीड जिल्ह्यात दिंद्रुड भागात फौजदार होतो. समुद्र फक्त कॅलेंडरवर पाहिलेला.

एका सकाळी कोकणातल्या सागरी बचाव केंद्रातून फोन आला. मासेमारीच्या बोटीला आग लागली होती. एक जहाज आग विझवायला, दुसरे जखमींना आणायला निघाले होते. एक खलाशी फार भाजला होता. शेजारच्या बोटीने त्याला उचलले होते आणि किनाऱ्यावरचा डॉक्टर रेडिओवरून उपचार सांगत होता. बोटीवर त्याला सगळे 'बीडवाला' म्हणत, नाव कुणाला ठाऊक नव्हते. ग्लानीत तो एकच बोलत होता, "माझा अर्धा कोयता दिंद्रुडला हाय."

कोयता ऐकून तिकडच्यांना मारामारीचा आणि आग लावल्याचा संशय आला. डॉक्टरला मात्र सुई देण्याआधी एवढेच हवे होते, की याला कुठले औषध बाधते का.

मी कपाळाला हात लावला. आमच्याकडे ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. हा बिचारा बायकोची आठवण काढत होता.

तोडणीला मजूर नेणाऱ्या मुकादमाला बोलावले. टोळीत सगळे पुरे कोयते, असे तो छातीठोकपणे सांगू लागला. मी आवाज चढवला नाही. चहा दिला आणि कोण तोडत होते, मागे मोळ्या कोण बांधत होते, हे एकेका जोडीचे विचारत गेलो. एक बाई नवऱ्याऐवजी भावामागे मोळ्या बांधत होती. तिचा मालक कुठे, म्हटल्यावर मुकादमाने कबुली दिली. तिच्या नवऱ्याला बोटीवर त्यानेच पाठवले होते. बालंट येईल म्हणून तोंडाला कुलूप.

बाई रोजगार हमीच्या कामावर सापडली. तिने जीपमध्येच सांगितले, "सायेब, त्यायला पेनिसिलिन चालत न्हाई. मागं टोचलं तवा दम कोंडलता."

मी ताबडतोब फोन लावला. तीच सुई तयार होती. डॉक्टरने ती थांबवली.

संध्याकाळी निरोप आला. आग विझली, गडी वाचला. बोटीच्या प्रमुखाला, तांडेलाला, आगीतून ओढून काढताना तो भाजला होता. मला इतके हलके वाटले, की मुकादमालासुद्धा भजी खाऊ घातली.

कोयत्यात फक्त हत्यार दिसणे ही आम्हा पोलिसांची खोड. तेव्हापासून जबाब लिहिण्याआधी मी माणसाचे गाव आणि काम विचारू लागलो.

काही महिन्यांनी नवा शिपाई घाबरा होऊन आत आला. "साहेब, बाहेर एक जण म्हणतोय, पुरा कोयता घेऊन आलोय."

"दोघांनाही आत बसव," मी म्हणालो, "आणि चहा सांग."